गळ्यातले नाणे : तिबेरियसच्या मुद्रेपासून मेळघाटच्या राणीछाप रुपयापर्यंत

१/
होळीच्या दिवसांत मेळघाटातील गावागावांत ढोल-बासरीचे सूर घुमू लागतात आणि वर्षभर पेटीत जपलेले दागिने बाहेर निघतात. चिखलदऱ्याच्या परिसरातील एखाद्या वयोवृद्ध कोरकू स्त्रीच्या गळ्यात अशा वेळी चांदीच्या रुपयांची माळ दिसते. जवळून पाहिले तर रुपयावर मुकुट घातलेल्या राणीचा चेहरा आढळतो. जिने भारताच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नाही, त्या व्हिक्टोरियाची मुद्रा सातपुड्याच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात राहिली. ती तिथे कशी पोहोचली, या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट थेट रोमपर्यंत जाते. त्या वाटेचा हा धागा.

२/
नाणेसंग्राहकाच्या दृष्टीने ही माळ म्हणजे बिघडलेल्या नाण्यांची रांग. प्रत्येक रुपयाच्या माथ्यावर चांदीचा डाख देऊन कडी बसवलेली. काही नाण्यांना सरळ भोक पाडलेले. अंगावर घासून घासून राणीचे नाक-डोळे पुसट झालेले. अशा नाण्याला बाजारात संग्राहकाचा भाव मिळत नाही, केवळ चांदीचा मिळतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते भोक महत्त्वाचे वाटते. नाणे पाडले टांकसाळीने, त्यावर चेहरा उमटवला राज्यकर्त्याने; भोक पाडले ते मात्र ज्याच्या हाती नाणे आले त्याने. नाण्यावरची ही एकच खूण अशी, जी सामान्य माणसाने केलेली असते.

३/
आता दोन हजार वर्षे मागे जावे लागेल. इ.स.च्या पहिल्या शतकात रोमन व्यापारी मोसमी वाऱ्यांच्या आधाराने तांबड्या समुद्रातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत. मिरी, तलम कापड, हस्तिदंत, रत्ने यांच्या बदल्यात ते मद्य, तांबे, कथील, पोवळे आणि सोन्या-चांदीची नाणी देत. रोमन लेखक प्लिनी याने तक्रार केली आहे की भारत दर वर्षी रोमन साम्राज्यातून निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. या आकड्याला आजचे अभ्यासक शब्दशः घेत नाहीत. पण तक्रारीचा सूर खरा आहे. आपली चैन आणि आपल्या स्त्रियांची हौस रोमला इतकी महाग पडते, असे त्याने अन्यत्र लिहून ठेवले. त्याच्या नजरेआड झालेले ते सोने इकडे येऊन पुन्हा अलंकारच झाले, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

४/
या व्यापारात महाराष्ट्र कुठे होता? त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत दोन नावे ठळक आहेत : पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचपासून दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे १० दिवसांवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला जात असे. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचला आणून स्थानिक चलनाशी बदलली तर नफा होतो. म्हणजे हे नाणे चलन होते, तसा मालही होता.

५/
माल म्हटला की पारख आलीच. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने नाणी हलकी केली. पूर्वी एका रोमन पौंड सोन्यातून ४० सुवर्णनाणी पाडत, ती ४५ झाली. एका पौंड चांदीतून ८४ दिनार निघत, ते ९६ झाले. चांदीतही भेसळ वाढली. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस या नीरोपूर्व सम्राटांचे दिनार प्रचंड संख्येने आहेत. जुने, कसदार नाणे धरून ठेवावे आणि हलके नाणे परत फिरवावे, हा व्यवहार इथल्या लोकांना शिकवावा लागला नाही. हा तपशील लक्षात ठेवावा. मेळघाटात तो पुन्हा भेटणार आहे.

६/
आंध्र, तेलंगण आणि दक्षिण भारतात मिळालेल्या अनेक रोमन सुवर्णनाण्यांना, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील नाण्यांना, शेजारी-शेजारी दोन छिद्रे पाडलेली दिसतात. छिद्रांची जागा बहुधा ठरलेली : सम्राटाच्या मस्तकाच्या वर. एका छिद्रातून दोरा ओवला तर नाणे गिरकी घेते. दोन छिद्रांतून ओवले तर ते छातीवर सपाट बसते आणि चेहरा सरळ राहतो. सोनाराने नाणे हाती घेऊन, कोणती बाजू दर्शनी ठेवायची ते ठरवून मगच सूड चालवला, याचा हा पुरावा. घाईगर्दीत पाडलेली ही भोके नव्हेत.

७/
हा छंद केवळ भारताचा नव्हता. दुसऱ्या शतकातील रोमन विधिज्ञ पॉम्पोनियस याने एका कायदेशीर मुद्द्याची चर्चा करताना सांगितले आहे की सोन्या-चांदीची जुनी नाणी लोक रत्नांसारखी वापरतात, म्हणून त्यांच्या उपभोगाचा हक्क मृत्युपत्राने देता येतो. त्याचे मत पुढे जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात समाविष्ट झाले. तिसऱ्या शतकात तर रोमन साम्राज्यात सुवर्णनाण्यांभोवती जाळीदार नक्षीची चौकट करून हार आणि पदके घडवण्याची मोठी हौस होती. फ्रान्समधील ने येथे १८०९ साली सापडलेल्या खजिन्यात हेड्रियन, कॅराकॅला आणि गेटा यांची नाणी जडवलेला कंठा निघाला. आज परदेशी जवाहिरे प्राचीन नाणी अंगठ्यांत, कंगनांत, कफलिंकांत जडवून विकतात, ती कल्पना मुळात रोमन काळाइतकी जुनी आहे.

८/
फरक अर्थाचा होता. रोमन नागरिकाने गळ्यात सम्राटाचे नाणे घातले, तर त्यात निष्ठा आणि प्रतिष्ठा दिसे. तो चेहरा कोणाचा हे सगळ्यांना माहीत असे. तेच नाणे कृष्णेच्या काठी पोहोचले की सत्तेचा संदर्भ गळून पडे. उरे ते शुद्ध सोने आणि दूरदेशीचे चित्र. दक्षिण भारतात मिळालेल्या कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. तोच चेहरा एकीकडे गळ्यात सरळ बसावा म्हणून जपला गेला आणि दुसरीकडे त्यावर घाव पडला. नाणे एकच, वागणूक दोन.

९/
आता तेरकडे. तेरणा नदीकाठच्या या गावात, तसेच तेलंगणातील कोंडापूर येथे, रोमन नाण्यांच्या मातीतल्या प्रतिकृती सापडल्या आहेत. अभ्यासक त्यांना ‘बुल्ला’ म्हणतात. बारीक माती साच्यात दाबून ती भाजलेली. वर दोरा ओवायला कडी किंवा छिद्रे. अनेकांचा नमुना तिबेरियसच्या नाण्याचा : एका बाजूस सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली स्त्री. साच्यावरून साचा काढता काढता लॅटिन अक्षरे मोडली आणि नुसत्या रेघा उरल्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये उभे आहे. सातवाहनकालीन तेरची ओळख त्या संग्रहाशिवाय अपुरी राहील.

१०/
मातीच्या या पदकांना सोन्याचा भाव नव्हता. त्यांनी बाजारात काही विकत घेता येत नव्हते, अडचणीत मोडताही येत नव्हते. तरीही ती घडवली गेली आणि घातली गेली. याचा अर्थ असा की ‘गळ्यात नाणे’ ही गोष्ट इतकी शोभिवंत ठरली होती की ज्यांच्या हाती सोने नव्हते त्यांनाही ती हवी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ते त्या काळातले इमिटेशन ज्वेलरी. साम्राज्यांच्या इतिहासात अशा माणसांची नोंद नसते. तेरच्या मातीत ती राहिली.

११/
भारतात अलंकार आणि नाणे यांच्यातली सीमा मुळातच धूसर आहे. वेदात ‘निष्क’ हा गळ्यातला दागिना. ज्याच्या गळ्यात तो आहे तो ‘निष्कग्रीव’. पुढे हाच शब्द सोन्याच्या नाण्यासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे इथे दागिन्याचे नाणे झाले आणि नाण्याचा पुन्हा दागिना झाला. परदेशी नाण्यांनीही भाषेत घर केले. रोमन ‘दिनारियस’ संस्कृतात ‘दीनार’ झाला, आणि ग्रीक ‘द्राख्मा’चा ‘द्रम्म’ होऊन त्याचा ‘दाम’ झाला. ‘दाम करी काम’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी नकळत ग्रीक नाणे खुळखुळत असते.

१२/
मध्ययुगात हीच कथा नव्या पात्रांनिशी घडली. १२८४ पासून व्हेनिस शहराने जवळजवळ शुद्ध सोन्याचा, सुमारे साडेतीन ग्रॅमचा डुकाट पाडायला सुरुवात केली. त्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, मध्ये ध्वजदंड. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला येशू. अरबी समुद्रामार्गे हे नाणे पश्चिम भारतात आले. त्यावरील उभ्या आकृत्या पाहून लोकांनी त्याला नाव दिले ‘पुतळी’. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत पुतळीही आहे.

१३/
पुतळ्या ओवून केलेली ती पुतळ्यांची माळ. इथल्या सोनारांनी डुकाटाच्या नकलाही पाडल्या. काहींत संत आणि अधिपती जाऊन त्यांच्या जागी राम, लक्ष्मण, सीता आले. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले, पुढे डुकाटही काळाच्या पडद्याआड गेला. महाराष्ट्रातील सराफांकडे मात्र पुतळ्यांची माळ आजही मिळते. लग्नात ती घालणाऱ्या नववधूला व्हेनिस ठाऊक नसते आणि त्याने तिचे काही बिघडत नाही. संपलेल्या राज्याचे नाणे एका अनोळखी प्रदेशाच्या लग्नघरात टिकून राहिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ठाऊक करून घ्यावे.

१४/
आता पुन्हा वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथल्या कापसाची निर्यात थांबली आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. पायनघाटातील काळ्या मातीचा कापूस एकाएकी जगाच्या बाजारात आला. अमरावती आणि खामगाव यांच्या बाजारपेठा फुलल्या. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. कापूस बाहेर जाई आणि बदल्यात चांदी येई. मिरी आणि मलमल नेऊन रोमने सोने दिले होते. कापूस नेऊन इंग्लंडने चांदी दिली. खामगावला आजही लोक रजतनगरी म्हणतात.

१५/
ती चांदी बहुतांशी रुपयाच्या रूपात फिरे. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया देशभर एकाच वजनाचा झाला : १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. १८० ग्रेन म्हणजेच नेमका एक तोळा. त्यामुळे रुपया हे चलन होते, तसे वजनही होते. ८० रुपयांच्या भाराचा एक शेर. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती, तिलाही आपल्या माळेत किती तोळे चांदी आहे हे सांगता येई. रुपये मोजले की झाले. तयार दागिन्यात सोनार किती भेसळ करील याचा भरवसा नसे. राणीछाप रुपयाच्या कसाची हमी टांकसाळीने दिलेली असे.

१६/
डोंगरावर हा रुपया हळूहळू चढला. चिखलदरा इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले. १८६० च्या दशकात मेळघाटची जंगले सरकारी वनखात्याच्या ताब्यात जाऊ लागली. कालपर्यंत जंगल आपले मानणारा कोरकू माणूस त्याच जंगलात मजूर झाला आणि मजुरी रुपयांत मिळू लागली. म्हणून या माळेकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्यात श्रम आहेत, आणि जंगलावरचा हक्क गेल्याची खूणही आहे. ज्या सत्तेने हा बदल घडवला तिच्याच राणीचा चेहरा गळ्यात आला. परंतु घालणारीच्या लेखी तो चेहरा नव्हता, ती चांदी होती.

१७/
आता नीरोचा तपशील आठवावा. १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये ती पूर्णपणे जाऊन निकेलचा रुपया आला. लोकांनी काय केले? जुने कलदार रुपये बाजूला ठेवले आणि नवे खर्चून टाकले. माळेत जो रुपया ओवला जाई तो राणीछाप किंवा तिच्यानंतरच्या राजांचा जुना, कसदार रुपया. तिबेरियसचा दिनार जपणारा सातवाहनकाळातील व्यापारी आणि राणीछाप रुपया जपणारी मेळघाटातील स्त्री यांच्यामध्ये १९०० वर्षांचे अंतर आहे. निर्णय मात्र एकच आहे.

१८/
ही माळ दागिना आहेच, त्याहून अधिक ती बचत आहे. पेरणीला बी हवे, घरात आजारपण आले, पावसाळ्यात काम मिळेना, तर अख्खा दागिना मोडावा लागत नाही; दोन रुपये काढून देता येतात. उरलेली माळ पुन्हा ओवता येते. बँक दूर होती, सावकार जवळ होता, आणि या दोघांच्या मध्ये स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे असे जे काही होते ते गळ्यात होते. माळेतील रुपये कमी होत गेले असतील, तर त्या प्रत्येक रिकाम्या जागेमागे घरातला एखादा कठीण महिना असतो.

१९/
इथे इतिहास आणि घर यांच्यात पेच उभा राहतो. चांदीचा भाव चढला की जुन्या माळा सराफाकडे येतात आणि मुशीत वितळतात. वितळल्याने काय जाते, हे वऱ्हाडातल्याच एका उदाहरणावरून कळते. १९३९ साली तेव्हाच्या अकोला आणि आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १,६०० नाणी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे निघाली. पुराणांतील राजवंशावळींत ही नावे नाहीत. तो साठा भांड्यांसाठी ओतला गेला असता, तर हे राजे कायमचे नाहीसे झाले असते.

२०/
जडवलेल्या नाण्याच्या बाबतीत नुकसान वेगळे असते. परदेशी जवाहिऱ्याच्या कंठ्यात रोमन नाणे सुखरूप राहते. सोन्याची चौकट त्याला जपते. सम्राट कोण, काळ कोणता, हेही सांगता येते. पण ते कोणत्या शेतात निघाले, सोबत आणखी काय होते, आधी कोणाच्या गळ्यात होते, हे त्या अलंकारात उरत नाही. उलट तेरचा मातीचा बुल्ला फुटका असला, तरी तो तेरचा आहे. नाण्याला पडलेले भोक त्याला दुसरा इतिहास देते. परंतु भोक कोणी आणि कुठे पाडले हे विसरले गेले, की तो इतिहास मुका होतो.

२१/
म्हणून इतिहासाच्या तरुण मित्रांसाठी काही गोष्टी. जमिनीत सापडलेला जुना नाणेसाठा कोणाचा खासगी माल नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ठरवले आहे. जुन्या रोमन नाण्याचे लॉकेट इंटरनेटवर दिसले, तर आधी विचारावे : हे आले कुठून? उत्तर नसेल तर ते घेऊ नये.

२२/
घरातली पुतळ्यांची किंवा रुपयांची माळ ही मात्र घराचीच आहे. ती मोडायची की ठेवायची, हा तिच्या मालकिणीचा अधिकार. मोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, प्रत्येक रुपयावरचे साल लिहावे, माळेचे वजन टिपून ठेवावे, आणि आजीला विचारावे : ही कोणी केली, कोणत्या बाजारात केली, यातले रुपये कधी आणि कशासाठी काढले? या नोंदीला एक दुपार पुरते. मुशीत गेलेली चांदी परत मिळवता येते. आजीजवळची हकीकत एकदा गेली की गेली.

२३/
चिखलदऱ्याच्या धुक्यात एखादी माळ अजूनही होळीला बाहेर निघते. तिच्यातला एखादा रुपया पुढच्या वर्षी नसेल. त्याचे एखाद्या नातवाच्या शाळेचे शुल्क झालेले असेल. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्या दिवसासाठी तो रुपया इतकी वर्षे गळ्यात होता, तो दिवस आला एवढेच. त्या रुपयाची आणि त्या दिवसाची नोंद मात्र कुणीतरी वहीत करून ठेवलेली असावी.